शेवटची दोन मिनिटं

बावीस हिवाळे मी एका माणसाच्या शेजारी बसले आणि त्याचं नाव मला माहीत नव्हतं. आज हे सांगताना थोडी लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती. आमच्या हिएतासाल्मी गावात कुणालाच वाटली नसती.

पहिल्या हिवाळ्यात ओळख नव्हती म्हणून विचारलं नाही. दुसऱ्यात वाटलं, सांगायचं असेल तर सांगतील. तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत आमची इतकी ओळख झाली होती की नाव विचारायचं म्हणजे मागची दोन वर्षं आपण काय करत होतो, हा प्रश्न आला असता. मग राहूनच गेलं. ते मला ‘शेजारीण’ म्हणायचे, मी त्यांना ‘शेजारी’. आइस हॉलची नववी रांग, चौदा नंबरवर ते, पंधरावर मी. आमचा आइस हॉकीचा संघ, रोउता, घरच्या रिंकवर खेळायचा त्या प्रत्येक संध्याकाळी, साडेसहाला.

यातली खरी गंमत अशी की नावं हाच माझा धंदा आहे. रोउताच्या खेळाडूंच्या जर्सीवर पाठीमागे जी नावं असतात ती गेली अठरा वर्षं मी शिवते. बुधवारी नवा खेळाडू करारावर सही करतो, शुक्रवारी दुपारी त्याची जर्सी माझ्या मशीनखाली असते. समोरून आला तर मी त्याला ओळखणार नाही, पण पाठमोरा शंभरात ओळखेन. एवढी नावं हातातून गेली, आणि कोपराला कोपर लावून बसणाऱ्या माणसाचं नाव तेवढं नाही.

बाकी त्यांच्याबद्दल मला पुष्कळ माहीत होतं. हिरवी लोकरीची टोपी, डावा गुडघा दुखतो, खिशात खारट काळ्या गोळ्यांचा डबा. पहिल्या वीस मिनिटांनंतर मला एक गोळी द्यायची, दुसऱ्या वीस मिनिटांनंतर मी दोघांसाठी कॉफी आणि वेलचीचा गोड पाव आणायचा. पाव हातात आला की ते एखादं साल उचलायचे आणि रोउताची गोष्ट सांगायचे. क्रमाने कधीच नाही. आज एकोणपन्नास, पुढच्या वेळी एकदम शहाऐंशी.

एकोणपन्नास साली ओतकामाच्या कारखान्यातल्या अकरा जणांनी संघ काढला. कारखान्यामागच्या अंगणात आगीच्या बंबाने पाणी सोडायचं, रात्रभर गोठू द्यायचं आणि सकाळी त्यावर खेळायचं. लोखंडाला गंज लागू नये म्हणून लावतात त्या तांबड्या रंगात पहिल्या जर्स्या बुडवल्या होत्या. थंडीत त्या अशा कडक झाल्या, की सामना संपल्यावर अंगातून काढून भिंतीला टेकवून उभ्या करता यायच्या. शिवणारी बाई म्हणून मला या गोष्टीबद्दल शंका होती, पण मी ती बोलून दाखवली नाही. जर्सीचा रंग अजून तोच आहे, नुसता मऊ झालाय.

एकोणऐंशीत गावाने श्रमदानाने हा हॉल बांधला. नवव्या रांगेच्या बाकांचे खिळे शेजाऱ्यांनी स्वतः ठोकले होते. “म्हणून हा बाक कुरकुरत नाही. बाराव्या रांगेतला कुरकुरतो. ती कामं पोस्टातल्या लोकांनी केली.” आणि शहाऐंशीत आम्ही एक हिवाळा, फक्त एकच, सगळ्यात वरच्या लीगमध्ये होतो. छत्तीस सामने खेळलो, एकतीस हरलो. पण ते पाच विजय आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा चांगले पाठ आहेत.

आता दोन मिनिटांबद्दल.

शेजाऱ्यांची सात नंबरची बस आठ पन्नासला सुटायची. त्यापुढची थेट दहानंतर. म्हणून सामन्याची दोन मिनिटं उरली की ते टोपी घालायचे, “चला शेजारीण” म्हणायचे आणि अठरा पायऱ्या उतरून निघून जायचे. स्कोअर काहीही असो. बावीस हिवाळ्यांत त्यांनी एकाही सामन्याचा शेवट पाहिला नव्हता. तो मी सांगायचे. पुढच्या सामन्याला आले, कोट काढला, गुडघा सरळ केला की म्हणायचे, “हं. काय झालं मग?” निकाल त्यांनी पेपरात वाचलेला असायचा, पण तो वेगळा. मी सांगायला लागले की पुढच्या रांगेतले लोकसुद्धा मान मागे करून ऐकायचे, आणि ते तर शेवटपर्यंत थांबलेले असायचे.

फेब्रुवारीत किविलाहतीविरुद्ध आम्ही एक-तीनने मागे होतो. दोन मिनिटं उरली. शेजाऱ्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, “चला शेजारीण. आज काही सांगण्यासारखं राहणार नाही.”

ते खाली दारातून बाहेर पडले आणि रोउताने तीन गोल केले.

पंच्याहत्तर वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हॉलमधली अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती, आणि आमच्याकडे लोक लग्नातसुद्धा पडत नाहीत. मी उभी राहून ओरडत होते आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. मनात एकच, कधी एकदा शनिवार येतो आणि यांना सांगते.

शनिवारी ते आले नाहीत.

सर्दी असेल, म्हटलं. पुढच्या बुधवारीही चौदा नंबर रिकामा. एका पोराने तिथे आपलं जॅकेट ठेवलं, ते उचलून मी त्याच्या मांडीवर ठेवलं. तिसऱ्या सामन्याला मध्यंतरात स्पीकरवर सूचना झाली: पुढच्या हंगामासाठी आपापली जागा राखायची असेल त्यांनी मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी चार वाजेपर्यंत तिकीट करून घ्यावं, त्यानंतर जागा प्रतीक्षायादीला जातील. त्या तीन गोलांनंतर यादीत दोनशे जण होते. चौदा नंबर टिकायचा नव्हता.

घरी नवऱ्याला सांगितलं. इल्पो स्कीवर जाणारा माणूस. त्याच्या मते हॉलमध्ये बर्फ करणं म्हणजे घरात पाऊस पाडणं.

“मग फोन कर त्यांना,” तो म्हणाला.

“नंबर नाही.”

“नाव टाकून शोध की.”

मी सूप ढवळत राहिले. इल्पोने हातातला चमचा खाली ठेवला.

“तुइरे. तुला त्यांचं नाव माहीत नाही?”

“विषय निघाला नाही.”

“बावीस वर्षांत?”

“तू ज्याच्याबरोबर रोज सॉनाच्या वाफेत बसतोस, त्या खालच्या मजल्यावरच्या माणसाचं नाव काय?”

इल्पोने चमचा पुन्हा उचलला. “ते वेगळं,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लबच्या ऑफिसात गेले. तिकिटं बघते ती सिर्कू. जर्स्यांच्या खोक्यांमुळे आम्ही आठवड्यातून दोनदा भेटतो, तिच्या मुलीचा लग्नाचा पोशाख मी शिवलाय.

“सिर्कू, नवव्या रांगेत चौदा नंबरवर कोण बसतं?”

“तुझा शेजारी.”

“ते मला ठाऊक आहे. नाव सांग.”

“नाव नाही सांगता येत. लोकांची माहिती अशी द्यायची नाही, कायदा आहे.”

“मी काय त्यांना लुटणार आहे? तीन सामने आले नाहीत गं. निदान जिवंत आहेत का तेवढं सांग.”

“ते आमच्या यादीत नसतं.”

“मग माझा नंबर दे त्यांना.”

“तोही देता येत नाही. तीही माहितीच.”

“मी स्वतः सांगतेय ना!”

“लेखी अर्ज कर. दोन आठवडे लागतात.” बोलताना ती खिडकीतून बाहेर बघत होती. सिर्कू असं बघते तेव्हा तिला काहीतरी सांगायचं असतं आणि सांगता येत नसतं, हे मला कळायला हवं होतं. मी रागात होते, कळलं नाही. दार जरा जोरातच लागलं माझ्या हातून.

दोन आठवडे नव्हतेच. शेवटचा शुक्रवार उजाडला तेव्हा मी मशीनवर बसून एका बचावपटूचं नाव दोनदा उसवलं आणि मग मशीन बंद केलं. दुपारी दोनला सात नंबरच्या बसमध्ये चढले. खरं तर आमच्या घराला जायलाही हाच रस्ता, पण मी नेहमी गाडीने जाते, त्यामुळे त्या बसमध्ये मी कधी बसलेच नव्हते.

ड्रायव्हर बाई होती, चाळिशीची, स्टीअरिंगवर लोकरीचं कव्हर घातलेलं.

“सामन्याच्या दिवशी आठ पन्नासला एक गृहस्थ चढतात, हिरवी टोपी...” मी सुरुवात केली.

“तो माणूस!” ती म्हणाली. “कोइवुलाला उतरतात. उतरताना दर वेळी स्कोअर सांगतात. मागे एकदा म्हणाले, हरलो, एक-तीन. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं हरलो म्हणून. तो अजून हसतोय मला. तेव्हापासून दिसलेच नाहीत. म्हटलं, लाजेने येत नसतील.”

“नाव माहीत आहे का त्यांचं?”

तिने आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांचं वजन विचारलं. “नाही बाई. कसं माहीत असणार? ते प्रवासी आहेत.”

कोइवुला आमच्या घराच्या दोन थांबे अलीकडे. म्हणजे बावीस वर्षं मी माझी गाडी घेऊन रिकाम्या शेजारच्या सीटसकट या थांब्यावरून गेले होते, आणि ते बस चुकू नये म्हणून सामना अर्धवट सोडून धावत होते. हे तिथे उतरल्यावर माझ्या लक्षात आलं. रस्त्याकडेचा बर्फ काळा होऊन वितळत होता, त्यातून हिवाळाभर टाकलेली खडी वर आली होती, आणि मी तिथे उभी राहून स्वतःला मोठ्याने एक शब्द म्हणाले, तो इथे लिहीत नाही.

थांब्यासमोर तीन मजल्यांच्या तीन इमारती. प्रत्येकीच्या जिन्यात राहणाऱ्यांच्या आडनावांची पाटी. पहिल्या इमारतीत मी सगळी नावं वाचली. कुठलं नाव त्यांच्या पाठीवर बसेल? लाइतिला? नको, लाइतिला नावाची माणसं वेळेआधी उठून जात नाहीत. दुसऱ्या इमारतीत आणखी नऊ नावं. मी बोट फिरवत वाचत होते तेवढ्यात एक बाई काखेत गालिचा घेऊन जिना उतरली. झटकायला चालली असावी.

“कोण पाहिजे?”

“एक गृहस्थ. वयस्कर.”

“इथे सगळेच वयस्कर. नाव?”

“नाव माहीत नाही.”

तिने गालिचा खाली टेकवला. “ओळखीचे आहेत?”

“खूप. बावीस वर्षांपासून.”

“आणि नाव माहीत नाही.”

“हॉकीला शेजारी बसतात. हिरवी टोपी.”

“हां, हॉकी!” तिचा चेहरा एकदम सैल झाला, जणू आता सगळं शहाणपणाचं झालं. “म्हणजे पेल्तोमा. गुडघा. पहिला मजला, डावीकडे. बेल वाजवून थांबा, लगेच उघडत नाहीत.”

पेल्तोमा. दारावर टपालाच्या फटीवर तेच नाव होतं. माझं डोकं सवयीने मोजायला लागलं. मध्यम लांबीचं नाव, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये बसेल, अक्षरं दाबायला लागणार नाहीत. चांगलं नाव होतं. मी बेल वाजवून थांबले.

खूप वेळाने दार उघडलं. दोन काखांत दोन कुबड्या, डोक्यावर टोपी नाही. समोरून मी त्यांना कधी नीट पाहिलंच नव्हतं, नेहमी बाजूने. कपाळ बरंच वरपर्यंत होतं.

“शेजारीण,” ते म्हणाले.

“शेजारी,” मी म्हणाले.

आमच्याकडे अशा वेळी कुणीतरी हवेबद्दल बोलतं.

“वितळायला लागलंय,” मी म्हणाले.

“हो. आत या. कॉफी टाकलेलीच आहे.”

स्वयंपाकघरात दोन खुर्च्या होत्या. त्यांनी मला बसवलं, स्वतः कुबड्यांवर लटकत कप काढले. मी मदतीला उठले तर म्हणाले, “बसा. मला चालायलाच सांगितलंय.” त्या किविलाहतीच्या सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना हॉस्पिटलातून फोन आला होता: गुडघा बदलायची एक जागा अचानक रिकामी झाली आहे, उद्याच या. दोन वर्षं रांगेत होते. गेले.

“तुम्हाला कळवायचं होतं,” ते म्हणाले. “नाव माहीत नाही. हॉस्पिटलातून क्लबच्या ऑफिसात फोन केला, म्हटलं पंधरा नंबरच्या बाईंचा नंबर द्या. ती म्हणाली कायदा आहे. म्हटलं, निदान निरोप द्या. म्हणाली, तिकीटधारकांमध्ये निरोप पोचवणं तिच्या कामात बसत नाही, आणि बसत असतं तर तिला फार आवडलं असतं.”

“सिर्कू!”

“तुम्ही ओळखता तिला?”

“तिच्या मुलीचा लग्नाचा पोशाख शिवलाय मी. मीही तिलाच विचारलं. तुम्ही जिवंत आहात का एवढंसुद्धा नाही सांगितलं तिने.”

त्यांनी कुबडी टेबलाला टेकवली. मग म्हणाले, “बरोबर आहे तिचं. ती माहिती माझी आहे.” आणि इतके हसले की कुबडी जमिनीवर पडली.

कॉफी ओतून झाल्यावर मी तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. “थांबा. आधी पाव खा. मला निकाल माहीत आहे, चार-तीन. पण कसं ते माहीत नाही.” साखरेच्या डब्याखालून त्यांनी घडी केलेला पेपर ओढला. त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशीचा. घडी मोडलेली नव्हती. “बातमी वाचली नाही. पाच आठवडे. नुसती बातमी वाचायची म्हणजे लग्न लागलं एवढंच कळतं, पंगतीत काय झालं ते नाही.”

भिंतीवरचं घड्याळ सव्वातीन दाखवत होतं.

“ते सांगते. पण आधी, तिकीट केलंत का? आज चारला मुदत संपते.”

त्यांनी कप फिरवला. “नाही करणार.”

“का?”

“अठरा पायऱ्या आहेत शेजारीण. डॉक्टरीण म्हणते उन्हाळ्यानंतर चालाल, पण पायऱ्या एकेक करून, कठडा धरून. मी वर येईपर्यंत पहिला गोल होईल. आणि उतरताना मागे सगळी रांग उभी. ती पोरं ‘आजोबा, सावकाश’ म्हणणार.” त्यांनी खिडकीकडे पाहिलं. “खिळे ठोकले तेव्हा मी त्या पायऱ्या फळ्या खांद्यावर घेऊन चढत होतो. नको. रेडिओवर ऐकेन. पुरे झालं.”

मी काहीतरी समजुतीचं बोलायला हवं होतं. तोंडातून भलतंच निघालं.

“मग मी कुणाला सांगू?”

असं काही आमच्याकडे कुणी बोलत नाही. ते मी बोलले, आणि दोघांनी एकदम पावाकडे पाहिलं. फ्रीज गुरगुरत होता. मी पर्समध्ये फोन शोधायला लागले, काहीतरी करायचं म्हणून, आणि फोन हाताला लागल्यावर मला सुचलं.

“पहिल्या रांगेला पायऱ्या नाहीत,” मी म्हणाले.

“पहिल्या रांगेतून काही दिसत नाही. समोर शिक्षा झालेल्या खेळाडूंना बसवायची पेटी.”

“शिक्षा झालेले दिसतील.”

“आणि तुमची जागा? नववी रांग? तुम्हाला वेड लागलंय का? दोनशे माणसं टपून बसलीत त्या जागेवर!”

“चौदा नंबरवर कोण येणार ते कुठे माहीत आहे? फोनवर बोलणारा येईल. नाहीतर पोस्टातला.”

त्यांना पोस्टातला चालणार नव्हता, हे चेहऱ्यावर दिसलं. तरी ते म्हणाले, “माझ्यासाठी करू नका.”

“तुमच्यासाठी नाही. माझं मला सांगायला माणूस लागतो.”

ते उठले. कुबड्या टेकत खिडकीपर्यंत गेले, परत आले. गुडघा अजून नीट वाकत नव्हता. घड्याळात साडेतीन झाले, मग पावणेचार. मी गप्प बसले. गप्प बसायला मी या माणसाकडूनच शिकले होते, नववी रांग ही चांगली शाळा आहे.

“खांबाच्या कुठल्या बाजूला?” शेवटी त्यांनी विचारलं.

“कुठला खांब?”

“पहिल्या रांगेत एक खांब येतो. एकोणऐंशीत मीच म्हटलं होतं की तो चुकीच्या जागी आहे. कुणी ऐकलं नाही. डावीकडच्या घ्या.”

मी सिर्कूला फोन लावला.

“पहिली रांग, खांबाच्या डावीकडे, दोन जागा. पंधरा नंबर सोडते.”

“तुइरे, तिथून काही दिसत नाही.”

“माहीत आहे.”

“कुणाच्या नावावर?”

“एक माझ्या. एक पेल्तोमा...” मी फोनवर हात ठेवला. “पहिलं नाव काय तुमचं?”

“ओइवा.”

“ओइवा पेल्तोमा.”

पलीकडे सिर्कूने इतका लांब श्वास सोडला की मला वाटलं फोन बिघडला. “सापडले एकदाचे!” ती म्हणाली. “पाच आठवडे! रोज देवाला म्हणत होते, या दोघांना काहीतरी अक्कल दे. फोन दे त्यांना, त्यांच्या तोंडून ‘हो’ ऐकायला लागतं.”

त्यांनी ‘हो’ म्हटलं. जन्मतारीख सांगितली. मग फोन परत देताना मला म्हणाले, “आणि तुम्ही तुइरे.”

“मी तुइरे.”

“बरं,” ते म्हणाले. एवढ्यावर तो विषय संपला. आजही ते मला शेजारीणच म्हणतात.

मग मी सांगितलं. दोन मिनिटं सांगायला मला चाळीस मिनिटं लागली. आपण एक-तीनने मागे, प्रशिक्षकाने गोलरक्षकाला बाहेर बोलावलं आणि त्याच्या जागी सहावा खेळाडू पाठवला, आपला गोल उघडा. तुमच्या बसथांब्याच्या अर्ध्या वाटेवर तुम्ही असाल तेव्हा पहिला. दुसरा, पन्नास सेकंद उरलेली, लांबून, निळ्या रेषेवरून मारलेला, इतका सरळ की त्यांचा गोलरक्षक वळून मागे बघत होता तेव्हाही त्याला पटलं नव्हतं. ओइवा डोळे मिटून ऐकत होते. “आणि आपला हालकोला?” ते म्हणाले. “हालकोला कुठे होता?”

“आडवा. बर्फावर. कुणीतरी ढकललं होतं. नऊ सेकंद उरलेली. मागून कुणीतरी चकती हाणली, ती हालकोलाच्या पाठीवर आदळली, बरोबर नावावर, आणि तिथून गोलात.”

त्यांनी एक डोळा उघडला. “नावावर.”

“मी शिवलेल्या नावावर. पहिलं अक्षर उसवलंय. दुरुस्तीला माझ्याचकडे आली जर्सी.”

त्यांनी पेपरची घडी उलगडली, बातमी काढली, बोट ठेवत वाचली. “इथे नुसतं लिहिलंय, ‘नशिबाने विजयी गोल.’” पेपर पुन्हा घडी करून त्यांनी बाजूला सरकवला. “लिहिणाऱ्याने पाहिलंच नसेल.”

ऑगस्टच्या अखेरीस सरावाचा सामना होता. मी त्यांना कोइवुलाच्या थांब्यावरून गाडीत घेतलं. हातात एकच काठी, डोक्यावर टोपी, बाहेर आमच्या मानाने कडक, अठरा अंशांचं ऊन असूनसुद्धा. हॉलमध्ये नव्या रंगाचा वास होता. पहिल्या रांगेतून खरंच काही दिसत नव्हतं. हेल्मेटं दिसायची, काच दिसायची, आणि पेटीत बसलेला एक तांबडा बचावपटू दिसायचा, तो दर थोड्या वेळाने आमच्याकडे बघून मान हलवायचा, जणू आम्हीही कुणाला तरी पाडलं होतं. चकती काचेवर आदळली की दोघं एकदम मागे व्हायचो. ओइवा खूश होते. कुरकुर करत होते, म्हणून कळलं.

“नवव्या रांगेत चौदा नंबरवर कोण आहे?” त्यांनी विचारलं.

मी वळून पाहिलं. “एक मुलगी. पंधरावर तिची मैत्रीण. कोट नीट घडी करून ठेवलेत.”

“बाक कुरकुरतोय?”

“इतक्या लांबून कसं ऐकू येईल?”

“नाही कुरकुरणार,” ते म्हणाले.

दोन मिनिटं उरली आणि त्यांचा हात सवयीने टोपीकडे गेला. टोपी डोक्यावरच होती. मी म्हणाले, “गाडी आहे आज.” ते बसून राहिले, काठीवर दोन्ही हात, पुढे झुकून. बावीस हिवाळ्यांनंतर पहिल्यांदा.

एक-एक बरोबरी होती. रोउताच्या मुलांनी चकती आपल्या गोलामागे नेली आणि तिथेच इकडून तिकडे ढकलत राहिले. समोरचे दमले होते, पाठलागालासुद्धा कुणी येईना. पेटीतल्या बचावपटूने जांभई दिली. भोंगा वाजला.

ओइवा माझ्याकडे वळले. “हे असं असतं?”

“कधी कधी.”

“किती वेळा?”

मी कोटाचं बटण लावायला लागले. “बहुतेक वेळा,” म्हणाले.

“आणि तुटक्या दाताचा तो गोलरक्षक, ज्याने काठी फेकून गोल वाचवला? दोन हजार अकरा?”

“काठी हातातून सुटली होती. गोल वाचला होता, ते खरं.”

“आणि ते दोघं, एकमेकांची जर्सी ओढता ओढता भोंगा वाजला ते?”

“ते... थोडं.”

ते बर्फाकडे वळले. बर्फ घासायचं मशीन आत आलं होतं आणि ओली चकचकीत पट्टी मागे सोडत चाललं होतं. मला वाटलं, चिडले. बावीस वर्षं म्हणजे थोडी नव्हेत, आणि यातलं निदान निम्मं मी पदरचं घातलेलं. कोटाचं बटण चुकीच्या काज्यात गेलं होतं, ते पुन्हा काढलं.

“शुक्रवारी गाडीची किल्ली माझ्याकडे द्या,” ते म्हणाले.

“का?”

“दोन मिनिटं उरली की मी पुढे जाऊन गाडीत बसतो. तुम्ही थांबा. मागून या आणि सांगा.”

“आत्ता पाहिलंत ना कसं असतं ते.”

“म्हणूनच,” ते म्हणाले, आणि काठी टेकत उठले.

शुक्रवारी लीगचा पहिला सामना होता. दोन-शून्यने आम्ही पुढे. दोन मिनिटं उरली तेव्हा मी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. ते गेले. मी पुढे झुकून, हेल्मेटांच्या मधून, एकेक सेकंद नीट बघितला. एकाच्या बुटाची नाडी सुटली. पंच शिंकला. आणखी काही झालं नाही. भोंगा वाजल्यावर मी सावकाश निघाले. दारापासून गाडीपर्यंत चालायला मला चार मिनिटं लागतात, आणि तेवढी मला पुरतात.